टाकी रिकामी झाली ती दुपार

बाबा, गेल्या रविवारी तुमच्या ऑफिसातले हेडक्लार्क काका भेटले. दिल्लीतच, द्वारकेला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मराठी मंडळींचं आमरसाचं जेवण होतं, तिथे त्यांचा मुलगा त्यांना घेऊन आला होता. पंचाऐंशीच्या पुढे गेलेत, कानाला यंत्र आहे, पण आवाज तोच, फायलीवर शिक्का मारल्यासारखा. मला बघताच ओरडले, "अरे टाकीवाले! ये, ये!" निम्म्या हॉलने वळून पाहिलं. माझ्या लेकीने विचारलं, "आजोबा, टाकीवाले क्यों?" मग काय, काकांनी पुरी बाजूला ठेवली आणि सुरू झाले. मे महिना, वाळवंट, अकरा माणसं, एक टाकी, आणि तुझ्या बापाने नळ उघडा टाकून दिली ताणून. लेक हसून हसून लाल झाली. मीही हसलो. ही गोष्ट मी माझ्या लग्नातसुद्धा ऐकली आहे, तुमच्याच तोंडून, आणि तेव्हाही हसलो होतो. पण काकांचं संपलं नव्हतं. रसाची वाटी बोटाने निपटत म्हणाले, "वाईट एवढंच, की तुझ्या बाबांना ते एक्सप्लनेशनमध्ये लिहून द्यावं लागलं. टाइप मीच केलं होतं ना. नाहीतर त्या तिघांबरोबर तूही परमनंट झाला असतास." मी विचारलं, "कुठल्या तिघांबरोबर?" तर म्हणाले, "अरे, त्या सीझनची रोजंदारीवरची पोरं. दिवाळीच्या आत ऑर्डर निघाली की त्यांची!" मी "अच्छा" म्हणालो आणि आणखी एक पुरी घेतली. धंद्यात तीस वर्षं काढली की तोंडावर काही दिसू द्यायचं नाही एवढं तरी येतंच.

तुम्ही मला सांगितलं होतं की भरती बंद झाली. आर. के. पुरमच्या आपल्या क्वार्टरच्या बाल्कनीत, बनियनवर उभे होतात, खाली कोणी तरी स्कूटरला किक मारत होतं आणि ती सुरू होत नव्हती. तुम्ही त्या स्कूटरकडे बघत म्हणालात, "खात्याने भरतीच थांबवली आहे, राजे. एकालाही घेणार नाहीत." एकालाही. हा शब्द मला चांगला आठवतो, कारण त्याने मला बरं वाटलं होतं. सगळ्यांनाच नाही मिळाली तर माणसाला त्रास कमी होतो.

त्या उन्हाळ्याचं मला सगळं आठवतं. तुमच्या खात्याला पावसाच्या आधी विहिरींचं पाणी किती खाली गेलंय ते मोजायचं असायचं, म्हणून सारं जग डोंगरावर जायचं तेव्हा आपण तंबू घेऊन वाळवंटात जायचो. मी एकोणीस वर्षांचा, रोजंदारीवर, खलाशी. समुद्र चारशे मैलांवर, पण तुमच्या खात्यात मदतनिसाला खलाशीच म्हणायचे. पहाटे चारला उठायचं. बूट उलटे करून आपटायचे, विंचू नाही याची खात्री करायची आणि मगच पाय घालायचा. चहा होईपर्यंत पूर्व तांबूस व्हायची. मग जीपने एकेक विहीर. स्टीलच्या टेपला तुम्ही निळा खडू फासायचात, टेप खाली सोडायची, वर काढून खडू कुठवर ओला झालाय ते वाचायचं. टेप पाण्याला लागली की मी वरून नुसत्या आवाजावर सांगायचो, "लागली." दोनशे फुटांवरून. ड्रायव्हरला पटायचं नाही. "बाबूजी, लौंडा फेंकता है," म्हणायचा, आणि तुम्ही टेप वर काढून ओला खडू त्याच्या नाकासमोर धरायचात. त्या वेळी तुमच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते माझ्या दहावीच्या मार्कांनी कधी आलं नव्हतं.

दहाला काम बंद. त्यानंतर संध्याकाळी पाचपर्यंत माणसाने फक्त जिवंत राहायचं. तंबूचं कापड इतकं तापायचं की डोकं लागलं तर चटका बसायचा. भांडी वाळूने घासायची, पाणी फक्त शेवटी, तेही फडक्याने पुसण्यापुरतं. आंघोळ फळीवर उभं राहून, खाली घमेलं. घमेल्यातलं पाणी वाळ्याच्या तट्ट्यावर शिंपडायचं, म्हणजे तुमच्या ऑफिसच्या तंबूत साबणाचा वास असलेली थंड हवा. स्वैपाक करणारे महाराज कणकेवर ओलं फडकं टाकून, स्वतःच्या डोक्यावरही तसंच फडकं टाकून बसायचे. डाळीत वाळू असायचीच. मी तक्रार केली तर म्हणाले, "छोटे बाबू, दिल्ली में लोग नमक डालते हैं, यहाँ ऊपरवाला खुद डालता है." दुपारी खाटेवर पडायचं, चादर भिजवून पिळून अंगावर घ्यायची, आणि ती वाळेपर्यंत झोप लागली तर लागली. वीस मिनिटांत चादर पापडासारखी कडक. त्या वीस मिनिटांसाठी आपण सगळे सकाळपासून जगायचो म्हटलं तरी चालेल.

टँकर तीन दिवसांनी एकदा यायचा. त्या दिवशी सकाळीच येऊन टाकी भरून गेला होता. टाकीपासून लांब पाइप, आणि पाइपाच्या टोकाला नळ, तुमच्या आणि माझ्या तंबूंच्या मधोमध. बाकीचे लोक टेकाडापलीकडे खेजडीच्या सावलीत पडलेले. एकच्या सुमाराला तुमच्या चपला वाजल्या. तुम्ही खाकरलात. नळ करकरला. टाकी कोरडी होऊन पुन्हा भरली की पाइपात हवा अडकायची, तसा तो नुसताच फुसफुसला, थेंब नाही. तुम्ही "च्यायला" म्हणालात, खाली बादली ठेवल्याचा आवाज आला, आणि चपला परत गेल्या. नळ दुसऱ्यांदा करकरला नाही. पाच मिनिटांत तुमचं घोरणं सुरू झालं.

चारला महाराजांची बोंब. टाकी वाजवली तर ढोल. वाळूवर जरासा काळपट डाग, तोही आपल्या डोळ्यांदेखत वाळत होता. सगळे गोळा झाले. तुम्ही तंबूतून बाहेर आलात, नळाकडे पाहिलंत, बादलीकडे पाहिलंत. मग माझ्याकडे वळून, इतक्या जोरात की टेकाडापलीकडे उंटवाल्यालाही ऐकू जावं: "एक नळ बंद करता येत नाही तुला?" मी म्हणालो, "पण बाबा..." तुम्ही मला पुढे बोलू दिलं नाहीत. "झोपला होतास ना?" मी तुमच्याकडे पाहिलं. तुमच्या कपाळाला चादरीचा वळ होता. मी म्हणालो, "हो." "बघा!" तुम्ही बाकीच्यांना म्हणालात. "नळ उघडा टाकून साहेब झोपले होते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टँकर नव्हता. जवळच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्या बाईने दोन माठ पाठवले, ते अकरा जणांत. महाराजांनी रोट्या केल्याच नाहीत, सुके चणे दिले आणि म्हणाले, "खाओ, छोटे बाबू, पानी तो रेत ने पी लिया." टेप धरणारा आपला एक लंगडा खलाशी सकाळच्या विहिरीवरच कोसळला. उलट्या, डोळे वर. तुम्ही त्याला मांडीवर घेऊन जीपमध्ये बसलात आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेलंत. वाचला. पण माणूस दवाखान्यात गेला म्हणजे दिल्लीहून विचारणा येणार, हे त्या वेळी मला कुठे माहीत! मला वाटलं होतं की आपल्या दोघांत एक ठराव झालाय. न बोलता. कॅम्पच्या प्रमुखाची चूक सगळ्या माणसांसमोर उघडी पडली तर कॅम्पवर त्याचं कोण ऐकणार, म्हणून तुम्ही ती माझ्यावर ढकललीत आणि मी ढकलू दिली. खरं सांगू, मला अभिमान वाटला होता. बापाने आपल्याला एवढं मोठं काम दिलं असं वाटलं. उरलेले वीस दिवस मी ते "टाकीवाले, टाकीवाले" हसून ऐकलं, कारण मला माहीत होतं आणि तुम्हाला माहीत होतं.

आणि तुम्ही ते दिल्लीला परतून, पंख्याखाली बसून, शांतपणे कागदावर लिहून दिलंत. सही करून. चिडून ओरडणं वेगळं, बाबा. ओरडताना माणूस सापडलेला असतो. लिहिताना दोनदा वाचतो. काकांकडे टाइप करायला दिलंत तेव्हा तिसऱ्यांदा वाचलं असेल. त्या वर्षी तुमचं प्रमोशन झालं, आपण लक्ष्मीबाई नगरच्या मोठ्या क्वार्टरमध्ये गेलो, आणि मला पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली. आईने दाराला तोरण लावलं. तुम्ही तुमच्या स्कूटरची चावी माझ्या हातात ठेवून म्हणालात, "घे, मला आता ऑफिसची गाडी येते." त्या स्कूटरवर मी वाळ्याचे तट्टे बांधून दुकानोदुकानी फिरलो. तट्ट्यांचे कूलर झाले, कूलरांचे तंबू, आणि आता जयपूरच्या पलीकडे लोक हौसेने वाळवंटात राहायला जातात तिथले अर्धे तंबू माझे असतात. नोकरी मिळाली असती तर एव्हाना मी पेन्शनची वर्षं मोजत बसलो असतो. म्हणजे नुकसान काही झालं नाही. सगळे हेच म्हणतात, परवा बायकोही म्हणाली, "बरंच केलं की त्यांनी!" बिल्कुल. पण जे माझं भलं झालं ते मी केलं. तुम्ही जे केलंत ते वेगळं होतं.

आणि ती गोष्ट. गणपतीच्या मंडपात, मुंजीत, लग्नात, तुमच्या रिटायरमेंटच्या पार्टीत. "आमच्या चिरंजीवांनी वाळवंटाला पाणी पाजलं!" दर वेळी थोडी वाढवून. शेवटच्या वर्षी हॉस्पिटलमध्ये नर्सला सांगत होतात, तेव्हा मी पलंगाशेजारी मोसंबं सोलत होतो. मी तुमच्या डोळ्यांत बघत राहिलो, की निदान एकदा तरी माझ्याकडे बघून गालात हसाल, निदान आपल्या दोघांपुरतं. तुम्ही नर्सकडेच बघत होतात. तेव्हा मला कळलं, की तुम्हाला आता ते खरंच वाटतंय. ठराव एकट्या माझ्यापाशी राहिला होता.

हे ऑफिसच्या लेटरपॅडच्या मागच्या बाजूला लिहितोय. ड्रॉवरला कुलूप लावायची गरज नाही; लेकीला छापील मराठी वाचता येतं, माझं अक्षर नाही. काकांना मी काही सांगितलं नाही, सांगणारही नाही. त्या वयाच्या माणसाचा एकुलता एक किस्सा का मोडायचा?

पण एक राहतं. आर. के. पुरमला पाणी पहाटे चारला यायचं आणि तेही धड नाही, म्हणून आपण झोपताना नळ उघडा ठेवून खाली बादली लावायचो. पाणी आलं की आवाजाने उठायचं आणि बादली भरली की नळ बंद करायचा. दहा वर्षांचा झाल्यापासून ते काम माझं होतं, कारण घरात माझेच कान तिखट. तुम्ही त्या दुपारी झोपेत घरच्यासारखंच केलंत, बादली लावलीत आणि निश्चिंत जाऊन पडलात. काकांनी परवा पुरी बाजूला ठेवली तेव्हापासून मी हे टाळतोय. मी जागा होतो, बाबा. पाइपातली हवा सुटली ते ऐकलं. बादली भरत आली की आवाज बारीक होत जातो, तेही ऐकलं. भरली, सांडायला लागली, वाळूत शिरताना येतो तो आवाज. चादर मी नुकतीच भिजवून अंगावर घेतली होती. उठलो असतो तर ती वाळली असती.