एक पोळतो, एक कोमटच

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. (हा नमस्कार नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पालथं पडून घातला आहे असं समजा, का ते पुढे कळेलच.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे तब्येतीनं. तोंड मात्र दाखवण्यासारखं राहिलेलं नाही, म्हणून फोन न करता लिहितो आहे.

तुमचा अ‍ॅम्प्लिफायर एका बाजूनं मुका झाला तेव्हा "घरचा भाचा असताना मेकॅनिक कशाला?" म्हणून तो तुमच्या हातातून ओढून नेणारा मीच. (मामी तेव्हा काहीतरी बोलणार होत्या. त्यांना बोलू द्यायला हवं होतं.) सुट्या भागांचं दुकान चालवणारे तुमचे शाळासोबती काका, त्यांच्याकडून मी आवाज वाढवणाऱ्या ट्रान्झिस्टरची नवी जोडी आणली. एकाच नंबरचे, सख्खे जुळे म्हणा ना. बसवले, आवाज आला, मी घरभर छाती काढून फिरलो. मग बोट लावून पाहिलं तर एक असा तापलेला की बोटाला टरारून फोड आला, आणि दुसरा आपला कोमट, जणू काही कामाशी त्याचा संबंधच नाही! आमच्या विम्याच्या ऑफिसात असं चालतं, पण तिथं काम वाटून द्यायला साहेब आहेत. इथं दोघांना काम सारखंच होतं.

शहाण्या माणसानं इथं शांत बसून विचार केला असता. मी आधी ठरवलं की कोमट आहे तो मेलेला. बायको म्हणाली, "मेलेला असता तर गाणं फाटकं नसतं का वाजलं?" हे बरोबर होतं, त्यामुळे मला जास्तच राग आला. मग ठरवलं की पोळतो आहे तो नकली. तसाच तडक दुकानात गेलो आणि भर गिऱ्हाइकांत काकांना "नकली माल देता आणि वर मैत्री सांगता!" असं सुनावून आलो. काका नुसता चष्मा पुसत राहिले. घरी येऊन तुम्हाला फोनवर सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. तुम्ही म्हणालात, "माझा भाचा उगाच कुणाला बोल लावणार नाही," आणि काकांचे फोन घेणंच बंद केलंत. रविवारी तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसून रेकॉर्डी ऐकायला येणारा तो माणूस आता फिरकत नाही म्हणे. मामा, हे ऐकल्यापासून मला घास उतरत नाही.

कारण परवा, वरातीमागून घोडं म्हणतात तसं, पहिल्याच दिवशी करायचं ते मी केलं. दोघांच्या जागा बदलल्या. नकली असेल तर ताप त्याच्याबरोबर जाईल, इतका साधा विचार. तर काय, ताप जागचा हललाच नाही! कालचा पोळणारा साधू झाला आणि कालचा साधू पोळायला लागला. म्हणजे ट्रान्झिस्टर दोन्ही निर्दोष, खोड त्या जागेत. मी डोकं धरून बसलो होतो, तेवढ्यात बायको वाकून वास घेत म्हणाली, "अहो, हा दात घासतो का?"

मामा, ट्रान्झिस्टर आणि त्याच्या मागचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा यांच्यामध्ये एक पांढरी पेस्ट लावायची असते, ती त्याचा ताप पत्र्याकडे पोचवते. माझी पेस्ट एका जागी लावतानाच संपली होती. बाजारात कोण जाणार? उत्साह दांडगा! बाथरूममध्ये गेलो आणि दुसऱ्या जागी टूथपेस्ट फासली. (पांढरी तर होती.) ती वाळून भुसभुशीत झाली आणि तिथं बसेल तो बिचारा स्वतःच्याच तापात शिजत राहिला. मी मात्र हे साफ विसरून गेलो. मधूनमधून गाण्याबरोबर पुदिन्याचा वास यायचा, तो मी शेजाऱ्यांच्या नावावर टाकला होता. आता खरी पेस्ट लावली आहे, दोघेही सारखे कोमट आहेत. काकांचा काडीचाही दोष नाही. मला स्वतःची इतकी लाज वाटते आहे की लिहितानाही कान तापले आहेत.

मामींना नमस्कार सांगा. त्यांनी स्वीकारला तर कळवा.

तुमचा, तोंड लपवून बसलेला,
भाचा

ता. क. पत्र पोस्टात टाकण्याआधी माफी मागायला दुकानात गेलो. आत पाऊल टाकताच धीर सुटला, टॉर्चचे सेल घेतले आणि परत आलो. (घरात टॉर्च नाही.) बायकोनं दारातूनच पुन्हा पाठवलं. मग काकांना सगळं सांगितलं, टूथपेस्टसकट. ते हसले नाहीत. एवढंच विचारलं, "माझं सोड. पण त्यालाही खरंच वाटलं का रे, मी नकली माल देईन असं?" त्याला म्हणजे तुम्हाला.

आणखी एक. मामा, त्यांचा चेहरा बघवेना. मी म्हणालो, "छे हो काका! मामांना क्षणभरही तसं वाटलं नाही. माझं ऐकल्याबरोबर त्यांनी माझ्या कानाखाली एक वाजवली. भाच्यापायी तुमच्यासमोर यायची लाज वाटते, म्हणून फोन घेत नाहीत." काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. या रविवारी ते तुमच्याकडे येताहेत. तेवढं सांभाळून घ्या. मी जरा लवकरच येतो, म्हणजे ते यायच्या आत राहिलेली कानाखाली उरकून घेता येईल.