ससे, कोल्हे आणि 'स्थिर' हा शब्द

प्रति,
मा. संचालक,
वन्यजीव गणना विभाग,
मुख्य कार्यालय.

विषय : बदलीच्या आदेशातील 'स्थिर' हा शब्द वगळून अर्जदारास बेटावरून कार्यमुक्त करणेबाबत.

संदर्भ : आपला आदेश, "ससे व कोल्हे यांची संख्या स्थिर होताच अर्जदारास कार्यमुक्त करावे."

महोदय,

१. अर्जदार बेटावरील निरीक्षण केंद्रात गणितज्ञ असून ससे व कोल्हे यांच्या संख्येचे गणित मांडण्याचे काम करतो. काही महिन्यांचे म्हणून दिलेल्या या कामाला वर्षे लोटली. उपरोक्त आदेश मिळताच अर्जदाराने आनंदाने पेटी भरली. ती अद्याप भरलेलीच आहे. सदरा लागला की तिच्यातूनच काढावा लागतो.

२. अडचण अशी की, ससे वाढले की कोल्ह्यांची चंगळ होते व तेही वाढतात. कोल्हे वाढले की सशांचा फडशा पडतो. मग कोल्हे उपाशी मरतात आणि ससे पुन्हा डोके वर काढतात. हे थांबणारे नाही, असे अर्जदाराचेच समीकरण सांगते. अर्जदाराने अहवालात 'चक्र स्थिर आहे' असे लिहिले होते. आपल्या कार्यालयाने 'चक्र' गाळून 'स्थिर' तेवढे उचलले, आणि अर्जदार स्वतःच्याच शब्दात पाय अडकून पडला.

३. विचारणा केली असता आपल्या हेडक्लार्क बाईंनी फोनवर "मग स्थिर होईल असं समीकरण बनवा ना, तुमच्याच तर हातात आहे!" असा सल्ला दिला. तसे करून पाहिले. कागदावर संख्या स्थिर झाली. सशांनी मात्र ते मनावर घेतले नाही.

४. दरम्यान घरी अर्जदाराची मुलगी बोलू लागली असून ती फोनलाच बाबा म्हणते. फोन ठेवला की "बाबा झोपला" म्हणते. आधी पत्नीस याचे हसू येई. गेल्या खेपेस मात्र तिने "तुम्हाला यायचंय ना नक्की?" असे विचारले. त्यावर अर्जदार सशांविषयीच बोलत राहिला, याची त्यास लाज वाटते.

५. आता मुख्य मुद्दा. समीकरणात एक संख्या खरोखर हलत नाही, ती म्हणजे शून्य. उंदरांसाठी आणलेले विषारी धान्य केंद्राच्या कोठीत पडून आहे. ससे ते धान्य खातील, कोल्हे ते ससे खातील, आणि आदेशातील अट तंतोतंत पूर्ण होईल. काल सायंकाळी अर्जदाराने कोठीचे कुलूप उघडले होते. दाराशी एक ससा गवत खात होता. अर्जदारास पाहून तो पळालासुद्धा नाही, इतकी आता ओळख झाली आहे. कुलूप पुन्हा लावले.

६. तरी 'स्थिर' हा शब्द वगळावा, ही हात जोडून विनंती. ते शक्य नसल्यास निदान सोबतची वस्तू आपल्या ताब्यात ठेवावी. अर्जदाराचा स्वतःवर भरवसा उरलेला नाही.

आपल्या आदेशात अडकलेला, नम्र,
(सही)
गणितज्ञ, बेट निरीक्षण केंद्र

दिनांक : टपाल नेणारी नाव बेटावर येईल तो

सोबत : विषाच्या कोठीची किल्ली, नग एक. दुसरी नाही.