कबड्डीच्या पोरींचा करार

मंगळवार, संध्याकाळ

कॉलेजचा क्रीडा विभाग आता कंपनी होणार. खेळाडूंच्या करारावर सह्या घ्यायचं काम माझ्याकडे, कारण मी कोच. आमची कबड्डीची कॅप्टन, चिचगडची सुनीता, पेन हातात घेऊन थांबली.

"सर, खेळताना गुडघा मोडला त कोन पाहील? कॉलेज का कंपनी?"

कलम वाचलं. दोघांपैकी कोणीच नाही.

"मंग मी विद्यार्थी आहो का कामगार?"

गुडघ्याचं ते कलम मी आधी वाचलंच नव्हतं. काऊन नाही वाचलं?

सह्या न झालेले करार प्राचार्यांच्या टेबलावर ठेवले. म्हटलं, "वकिलाला दाखवल्याशिवाय पोरी सही करणार नाहीत."

"तुमची नोकरीही कंपनीतच जाणार आहे, सर."

माहीत होतं. पण कागद परत उचलले नाहीत.