ओढ्यापलीकडची टाचणी

४ मार्च
काविळीचे आणखी सहा. कारकून यादी देतो, मी दवाखान्यातल्या नकाशावर टाचण्या टोचते. लाल म्हणजे आजारी, काळी म्हणजे गेलेला. सगळ्या टाचण्या आमच्याच गल्लीत! साहेबांनी गल्लीचं पाणी तपासायला पाठवलंय.

५ मार्च
धाकटी बाळंतपणाला माझ्याकडे आलीये. सातवा चालू आहे. पोटुशीला ही कावीळ जिवावर बेतते — हे मला ठाऊक, तिला नाही. ओढ्यापलीकडे नव्या इमारतींत तिची नणंद राहते. तिकडे एकही टाचणी नाही. जा म्हटलं.

"ताई, मला हाकलतेस?"

कडाक्याचं भांडण. शेवटी रडत रडत पिशवी भरली तिने. रडू दे! जीव तर वाचेल. इथं पाणी उकळून उकळून पिचले मी, तिकडे ती कटकटही नाही.

१९ मार्च
टाचण्या टोचायला जागा उरली नाही. धाकटी अजून फुगलेली आहे, फोनवर हो-नाही एवढंच बोलते.

२ एप्रिल
पाण्याचा अहवाल आला एकदाचा. आमच्या गल्लीचं पाणी स्वच्छ!

धाकटी म्हणे जेवण जात नाही, मळमळतं. नखरे पुरे, म्हटलं मी.

३ एप्रिल
डोक्यात किडा वळवळत होता. संध्याकाळी गल्लीतलं घरन्‌घर फिरले. इतके दिवस फिरले नाही — आपलीच गल्ली, बघायचं काय! आजारी सापडले फक्त दोघं. दोघंही पलीकडच्या इमारतींत कामाला जाणारे.

४ एप्रिल
सकाळी कारकुनाला धरलं. बाकीचे कुठले? तो शांतपणे म्हणाला, "पलीकडचे. नकाशा काढला तेव्हा तिथं मोकळं रान होतं, तो ओढ्यापाशीच संपतो. म्हणून जवळची तुमची गल्ली लिहितो. नाहीतर टाचणी काय हवेत टोचणार होता, सिस्टर?"

त्याच्यावर ओरडायलाही थांबले नाही. तशीच पळत गेले. धाकटीने दार उघडलं. हसली — राग गेला होता तिचा. डोळे हळदीसारखे पिवळे.

७ एप्रिल
मोठ्या इस्पितळात. शुद्ध नाही. देवा, माझं काय हवं ते घे.

१२ एप्रिल
साहेबांनी नकाशाला पलीकडचा कागद जोडला. पहिली टाचणी मी टोचली. काळी.

तिची मुलगी वाचली. माझ्याकडेच आहे. मला आई म्हण, असं कोणत्या तोंडाने शिकवू तिला?