काकांनी नीट केलेल्या नोंदी

पांढुर्णा, ९ डिसेंबर २०२५

ती. रघुनाथकाकांस केतकीचा शि. सा. न. राग आहे, तरी नमस्कार पूर्ण आहे.

फोनवर माझा आवाज चढला असता, म्हणून ही चिठ्ठी सुखदेव कंडक्टरच्या हाती पाठवते. गुजरातच्या तेलविहिरींतल्या जड कच्च्या तेलाच्या दोनशे नोंदी मी तुम्हाला संगणकात फक्त उतरवायला दिल्या होत्या. किती अंशाला तेल किती घट्ट, एवढंच. अहवाल गेल्यावर काल मूळ वही उघडली, तर तुम्ही अकरा नोंदी बदललेल्या! पंधरा अंशांखाली तेलातलं मेण थिजतं आणि घट्टपणा एकदम चढतो. नेमका तोच चढ तुम्ही सपाट केलात. त्यावरून अंदाज बांधून मी कंपनीला लिहून दिलं की पाइपलाइनला हीटर नकोत. सोमवारी ते हीटर रद्द करणार. जानेवारीत तेल नळातच अडलं तर? आमचे हे म्हणतात, काका असं कसं करून राहिले बाप्पा.

असं का केलंत, तेवढं कळवा. काकूंना नमस्कार.

तुमची, अजून तरी,
केतकी

सौंसर, ११ डिसेंबर

चि. केतकीस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी मलाच राग आला. त्या नोंदी आलेखात बसत नव्हत्या, म्हणून नीट केल्या. शाळेच्या प्रयोगशाळेत छत्तीस वर्षं हेच केलं. बाहेरचा परीक्षक वाकडा आलेख दिसला की मार्क कापायचा. मग आम्ही आधी वक्र काढायचो आणि नोंदी मागाहून भरायचो. तुझी काकू म्हणाली, पोरीचं नाव खराब केलं अन् वरून तिलेच शिकवून राहिले. खरं आहे तिचं.

तुझ्या साहेबांना माझ्या सहीचं कबुलीपत्र सोबत जोडलं आहे. ते नक्की दे. चूक माझी, तुझं काम का जावं? मला फार लाज वाटते आहे, पोरी.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा काका

पांढुर्णा, १६ डिसेंबर

ती. काकांस सा. न.

तुमचं पत्र साहेबांना दिलं नाही. अहवालावर सही माझी होती. काल सगळं सांगितलं. हीटर वाचले, माझं काम मात्र गेलं.

साहेबांनी एवढंच विचारलं की इतका गुळगुळीत वक्र पाहून मला शंका कशी आली नाही. बारावीला मी तुमच्याच प्रयोगशाळेत होते ना, काका. मला तो बरोबरच वाटला होता.

रविवारी येते. रागवायला नाही, जेवायला.
केतकी