शिवेवरची हाक

मु. बोरखेडी, तळेगावजवळ, जि. वर्धा
४ मे १९५४

ती. सौ. अक्का हीस,
मंदाचा शि. सा. न. वि. वि.

चिखलदऱ्याच्या थंड हवेचं वर्णन वाचायला मिळेल म्हणून पाकीट फोडलं असशील, तर ते विसर. ह्यांनी सुट्टीसाठी अमरावतीच्या मित्राची मोटार मागून आणली, नागपूरपासून अख्खा रस्ता मला तिचं कौतुक ऐकवलं, आणि काल भर दुपारी बोरखेडीच्या शिवेवर तिचा आस मोडला. नवा आस यायला चारसहा दिवस लागतील असं मिस्त्री म्हणतो. मी एक अक्षर बोलले नाही. माझं न बोलणं ह्यांना जास्त लागतं, हे तुला ठाऊक आहेच.

रामाजी नावाच्या शेतकऱ्यानं आम्हाला रस्त्यावरून घरी आणलं. माणसं फार चांगली. त्याची बायको तानाबाई सारखी म्हणते, की बाई, घर तुमचंच हाये, संकोच काऊन करून राह्यल्या? घरात तिसरी म्हणजे विधवा सून, रुखमा. मुलगा पुनाजी तीन वर्षांपूर्वी तापानं गेला. ह्यांच्याच वयाचा होता.

उद्या अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. गेलेल्या माणसाच्या नावानं कुणाला तरी पाटावर बसवून जेवू घालायची इकडे रीत आहे. त्याला पितर बसणं म्हणतात. पुनाजीच्या नावानं दोन वर्षं त्याचा चुलतभाऊ बापूराव बसला. यंदा तो नाही म्हणतो. का, तर म्हणे जेवण झाल्यावर त्या पाटावरून मले उठूसाच वाटत नाई. मग तानाबाईनं ह्यांना विचारलं. आमरस, वडे, कुरडया आणि वर नवं धोतर! हे कसले नाही म्हणतात? मीही हसून हो म्हटलं. इतके दिवस पाहुणचार झोडायचा, तर तेवढं तरी करावं.

भाऊजींना नमस्कार सांग. माझ्यावरची माया इथल्या विहिरींसारखी उन्हाळ्यात आटू देऊ नकोस.

तुझी,
मंदा


वर्धा
७ मे १९५४

चि. सौ. मंदा हीस,
कौशल्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी पोटभर हसले. मोटारीनं आनंदरावांची चांगली जिरवली. मग सासूबाईंना वाचून दाखवलं, तर त्या हसल्या नाहीत. त्यांचं माहेर त्याच बाजूचं. त्या म्हणाल्या, पितर म्हणून बसला त्याले दिवस बुडायच्या आत शिवेपार पोचवा लागते, त्या घरात तो रात्री राहत नाई. वाटसरूला तर कुणी बसवतच नाही, कारण शिवेवरून परतल्यावर त्याला जायला गावात दुसरं घर नसतं.

तुझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, ठाऊक आहे. मीही मॅट्रिक झालेली आहे. पण सासूबाईंनी दोनदा विचारलं, की जेवण झाल्यावर जावईबापू गेले कुठे? तेवढं लिही. टपालाची वाट पाहू नकोस, सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरजवळ चिठ्ठी दे, तो घरी आणून देईल.

उन्हात हिंडू नका, कांदा जवळ ठेवा. थोरल्या बहिणीचा आशीर्वाद आणि धाक, दोन्ही तुझ्या पाठीशी आहेत.

तुझी,
अक्का


बोरखेडी
९ मे १९५४

ती. सौ. अक्का हीस,
सा. न. वि. वि.

तुझी चिठ्ठी मिळाली. चूक माझी आहे. आधी ती सांगते.

अखजीला ह्यांनी पुनाजीच्या पाटावर बसून आडवा हात मारला. मग रामाजी ह्यांना शिवेवर घेऊन गेला. पुढच्या गावात त्याचे नातलग लक्ष्मणराव राहतात, रात्रीपुरती आमची दोघांची सोय त्यानं तिथे केली होती. मी तानाबाईबरोबर मागून चालत होते. ऊन मी म्हणत होतं, डोकं ठणकत होतं. एका समजुतीपायी आणखी दोन मैल तंगडतोड कुणी सांगितली आहे, असं मनात आलं. हे शिवेचा दगड ओलांडून चार पावलं गेले होते. मी मागून ओरडले, अहो, पुरे झालं आता, घरी चला.

रामाजी मटकन खाली बसला. तानाबाईच्या तोंडावर हसू होतं. हे वळले आणि आमच्या पुढे चालू लागले. मला ठाऊकही नव्हती अशा मागच्या बोळानं ते थेट घराच्या परसदारी पोचले.

त्या दिवसापासून पाहते आहे. ह्यांनी आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही. परवा माळ्यावर हात घालून पुनाजीची चंची काढली, कुणाला न विचारता. तिखटानं घाम फुटणारा माणूस मिरचीचा ठेचा भाकरीवर घेऊन खातो. तानाबाईला माय म्हणतात. ती ह्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसते. रुखमा दिवसभर शेजारच्या घरी जाऊन बसते आणि ह्यांच्यासमोर आलीच तर डोळ्यांपर्यंत पदर ओढते. आस येऊन बसवूनही झाला. निघू या म्हटलं, तर हे म्हणाले की शेताची वखरणी राहिली आहे.

आणि आज सकाळी, अक्का, मी चुलीपाशी बसले होते. हे आत आले, माझ्याकडे पाहिलं आणि फार अदबीनं विचारलं, की बाई, तुम्ही जेवल्या काय?

मला काही सुचत नाही. मला माझा नवरा हवा आहे. सासूबाईंना विचार, त्यांच्या पाया पडते म्हणावं. मला विसरू नकोस.

तुझी,
मंदा


वर्धा
११ मे १९५४

चि. सौ. मंदा हीस,
अनेक आशीर्वाद. रडू नकोस, नीट वाच.

सासूबाईंनी विचारलं की तू हाक काय मारलीस. मी म्हटलं, सगळ्या बायका मारतात तीच, अहो. त्यावर त्या म्हणाल्या, की बिननावाची हाक त्या घडीले त्या जागी कोणीबी घेते. आता भर उजेडात त्यांना शिवेवर ने. तू पलीकडे उभी राहा आणि त्यांच्या नावानं हाक मार. ते नाव ओळखून दगड ओलांडून आले म्हणजे मोटारीत बसा आणि निघा. मागे पाहू नका.

नवऱ्याचं नाव कसं घेऊ, असं मनातही आणू नकोस. अठरा वर्षांत मीही उखाण्याखेरीज घेतलेलं नाही, पण तुझ्या जागी असते तर गावभर ओरडत सुटले असते. तुझ्या भाऊजींना गुरुवारपर्यंत रजा नाही. तू थांबू नकोस.

देव तुझ्या जिभेला बळ देवो.

तुझी,
अक्का


अमरावती
२० मे १९५४

ती. सौ. अक्का हीस,
मंदाचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही इथे, मोटारवाल्या मित्राच्या घरी, सुखरूप आहोत. उशिरा लिहिते आहे, कारण काय लिहावं तेच कळत नव्हतं.

तेरा तारखेला सकाळी निघालो. तानाबाईनं ह्यांचा हात दोन्ही हातांनी धरला होता. रामाजीनं तिची बोटं एकेक करून सोडवली. तो म्हणाला, सोड वं, परायाचं लेकरू हाये. शिवेच्या दगडाशी येऊन हे थांबले. मी पलीकडे गेले, मोटारीला पाठ लावून उभी राहिले आणि लग्नानंतर सहा वर्षांनी पहिल्यांदा नाव घेतलं. आनंदराव. ते माझं मलाच ऐकू आलं. दुसऱ्यांदा मोठ्यानं घेतलं. तिसऱ्यांदा किंचाळलेच. हे माझ्याकडे पाहत होते, अक्का. मी दुसऱ्याच कुणाला बोलावते आहे आणि तो माणूस येत का नाही, अशा काळजीनं पाहत होते.

तेवढ्यात गावाकडून रुखमा आली. तिचा चेहरा मी त्या दिवशी प्रथम नीट पाहिला. पंचविशीचीही नसेल. ती ह्यांच्या मागे येऊन उभी राहिली. नवरा मरत होता तेव्हाही तिनं त्याचं नाव घेतलं नव्हतं, असं रामाजी मागे एकदा म्हणाला होता. ती हळूच म्हणाली, की पुनाजी, जाजो आता, त्या बाईले तिचं घर हाये.

हे शहारले. मान खाली घालून दगड ओलांडला आणि मोटारीत येऊन बसले. रुखमा तिथेच मातीत बसली. तिच्या पाया पडावं असं फार वाटलं, पण माझा धीर झाला नाही. आम्ही निघालो.

आता सगळं ठीक आहे. तंबाखू सुटली, तिखट पुन्हा सोसत नाही. दुसऱ्या दिवशी मला मंदे म्हणून हाक मारली तेव्हा मी मोरीत जाऊन रडले. शाळेतल्यासारखं इथेही सगळे त्यांना मास्तर म्हणतात, माझंही अहोवर भागतं. चिखलदऱ्याला जायचं काढलं आहे त्यांनी, मीच टाळते आहे.

पण माझ्या हाकेला ते आले नाहीत, अक्का. तिच्या हाकेला आले, आणि ती त्यांच्या नावाची नव्हती. काल ते अंगणात पाठमोरे बसून पेपर वाचत होते. नाव माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी तोंडात पदराचा बोळा कोंबला आणि आत निघून आले.

रविवारी भाऊजींना घेऊन ये. अंगणात आल्याबरोबर तू ह्यांना मागून आनंदराव म्हणून हाक मार. मी आत स्वयंपाकघरात थांबते, हे वळले की सांग. तोवर तुझाच आधार आहे, तो राहू दे.

तुझी,
मंदा