एकांतात आणि मानाने

१५ ऑगस्ट
मनवाने पुन्हा पिशवी भरून आणली! शाळेपासून घरापर्यंत जेवढे झेंडे पायाखाली दिसले तेवढे. कागदी, प्लास्टिकचे, एक गटाराच्या जाळीवरचा. तिसरीच्या ललिता बाईंनी शिकवलंय — राष्ट्रध्वज जमिनीवर पडू द्यायचा नाही. आता वर्गातली पोरंही आपले झेंडे हिच्याकडेच देतात. "माझे आजोबा सांभाळतात." सांभाळतात म्हणे! लोकांनी सकाळी छातीला लावायचा, दुपारी टाकायचा, आणि म्हाताऱ्याने सांभाळायचा.

१६ ऑगस्ट
सूनबाई म्हणाली, "बाबा, गणपती येतायत. पलंगाखालचं ते आधी काढा." काढून टाकू कुठे? कचऱ्यात टाकता येत नाही. मनवाने वही दाखवली. बाईंनी लिहून दिलंय — खराब झालेला ध्वज एकांतात, मानाने जाळावा.
एकांतात! लालबागच्या चाळीत! इथे माणूस शिंकला तर तिसऱ्या माळ्यावरून औषध सांगतात.

१९ ऑगस्ट
गच्चीत मंडळाचे ढोल. शिवाजी पार्कला पहाटे जाऊन पाहिलं, तर सगळी पेन्शनर मंडळी फिरायला हजर. शेवटी चौकीत विचारलं. हवालदार म्हणाला, "काका, इथे नका देऊ. आणि जाळताना कोणी व्हिडिओ काढला, तर इथेच याल."
मी सातवी नापास. नियम आहे, हे मी लोकांना कसं पटवणार? आधी मारतील, मग वाचतील.

२२ ऑगस्ट
जेवण जात नाही.

२४ ऑगस्ट, रविवार
झालं एकदाचं. रे रोडच्या लाकडाच्या वखारीत माझा जुना दोस्त सिडनी राखणदार आहे. रविवारी वखार बंद. दारातूनच ओरडला, "ये रे, देशाला आग लावायला आलास?"
"हळू बोल रे बाबा!"
"कोण ऐकतो इथे? लाकडं?"
मनवाला न्यायचं नव्हतं, पण ऐकेना. पत्र्याच्या डब्यात पेटवलं. सिडनीने टोपी काढली. मनवा सावधान उभी. प्लास्टिकचे नीट जळेनात, आक्रसून काळे गोळे झाले. ते मागे मातीत पुरले. शाळेच्या झेंडावंदनाला असा मान मी कधी पाहिला नाही.

२५ ऑगस्ट
मेलो! मनवा भर वर्गात उभी राहून म्हणाली, "माझ्या आजोबांनी झेंडे जाळले." कौतुकाने सांगितलं पोरीने!
दुपारी शाळेतून फोन. गेलो. हेडबाई, आणि कोणा मुलाचा बाप हितेंद्र — मोबाईल माझ्या तोंडासमोर धरून. "जाळले का तुम्ही? हो की नाही, एवढंच बोला!"
ललिता बाई कपाटाला टेकून उभ्या. नियम त्यांनीच लिहून दिलेला. आता बोलतील, मग बोलतील, म्हणून मी थांबलो. त्या जमिनीकडे बघत राहिल्या.
मनवाची वही माझ्या पिशवीत होती. काढली नाही.
म्हणालो, "पोर थापा मारते. सवयच आहे तिला."

२६ ऑगस्ट
आज मनवा वर्गात आपण होऊन उभी राहिली. "मी काल खोटं बोलले," म्हणाली. ललिता बाईंनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.
घरी आली ती थेट माझ्या कानाशी. "आजोबा, आता तुम्हाला कोणी पकडणार नाही."
मी काल काय बोललो, ते तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.